ब्लोअरले काही होत नाही!

मंडपातले गालिचे काठीनं झोडपून झोडपून हात भरून आले, म्हणून तुम्हीही पिकअपवर बसवलेलं ते सेकंडहँड धुलाईचं यंत्र घेतलं असेल, तर आधी अभिनंदन. इंजिन, पंप, पाणी तापवायची सोय, घाण पाण्याची टाकी आणि या सगळ्यांत महागाचा तो ब्लोअर, म्हणजे गालिच्यातलं पाणी ओढून घेणारा. नीट वागवला तर वर्षानुवर्षं टिकतो. पण मग तालुक्याच्या मेकॅनिकनं खायचं काय? मी स्वतः एक ब्लोअर मारलेला आहे, तेव्हा तो कसा मारायचा ते अधिकारवाणीनं सांगतो.

आधी आपला गडी ओळखून घ्या. त्याच्या पोटात इंग्रजी आठच्या आकड्यासारखे दोन लोखंडी रोटर असतात. मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेतात, पण एकमेकांना शिवत नाहीत. अबोला धरलेल्या दोन जावा एकाच चुलीपाशी राबतात ना, तसं. मधली फट असेल वहीच्या कागदाएवढी. अमेरिकेतल्या रूट्स आडनावाच्या दोघा भावांनी १८६० मध्ये याचं पेटंट घेतलं. त्यांना खरं तर पाणचक्की सुधारायची होती. लाकडी रोटर पाण्यानं फुगून अडकले आणि त्या खटाटोपातून हे वारा फेकणारं यंत्र निघालं, अशी हकीकत सांगतात. म्हणजे पाण्यानं अडकणं हे याच्या घराण्यातच आहे. आपण फक्त आठवण करून द्यायची.

त्यासाठी टाकीतली जाळी काढून फेका. आपल्याकडच्या लग्नातल्या गालिच्यात काय नसतं? अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, केस, हळद आणि वऱ्हाडी मंडळींच्या चपलांना चिकटून आलेली काळी माती. ही माती ओली झाली की फुगते अन् जाळीवर लोण्यासारखी बसते. दर अर्ध्या तासाला जाळी धुवायला कोणाला वेळ आहे? जाळीच नसली की ओढ कशी झकास लागते बघा.

टाकीत एक तरंगता गोळा असतो. पाणी वर आलं की तो उचलला जातो आणि ब्लोअरची वाट बंद करतो. याला चकवायचा उपाय आपल्या घरातच आहे: कपडे धुवायची पावडर, मूठ मूठभर. फेस हलका, गोळा त्यानं उचलत नाही, आणि फेस पाणी घेऊन थेट रोटरपर्यंत पोचतो. फेस मारायचं औषध मिळतं, पण ते विकत घेणं म्हणजे पावडरचा अपमान.

मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकला की रिलीफ व्हॉल्व्हकडे वळा. पाइप तुंबला की बाहेरची हवा आत घेऊन ब्लोअरला तापू न देणारा हा एक भित्रा पुर्जा आहे. त्याचा नट पान्यानं आवळून टाका. हवा मिळाली नाही की रोटर तापतात, तापले की फुगतात, आणि त्या दोन जावांचा अबोला सुटतो. पहिल्याच शब्दाला ठिणग्या उडतात.

आमचा पोरगा एकदा म्हणालाच होता, "भाऊ, आतून कायतरी घासून रायलं."

मी म्हटलं, "घासू दे बे. बँडबाजात कोणाले ऐकू येते?"

तेलाचं विचाराल तर गाडी धुऱ्यावर तिरपी उभी करूनच काचेतून पाहावं. एका अंगानं नेहमी भरलेलंच दिसतं.

पण हे सगळं फुटकळ. खरी किमया दिवस संपल्यावरच्या पाच मिनिटांत आहे. यंत्रासोबतच्या पुस्तकात लिहिलंय, काम झालं की टाकी रिकामी करा, पाइप मोकळा ठेवून ब्लोअर पाच मिनिटं नुसता फिरवा म्हणजे आतली ओल निघून जाते, आणि मग त्याच्या तोंडाशी गंज न धरणाऱ्या हलक्या तेलाचा स्प्रे मारा. आता तुम्हीच सांगा, रात्री बारा वाजता, पंगतीतला वरण-भात निवत असताना, रिकामं इंजिन फिरवून डिझेल जाळणारा माणूस शहाणा म्हणायचा का?

मी कधी जाळलं नाही. आषाढी एकादशीच्या आधीचं शेवटचं लग्न उरकलं, चातुर्मासात मुहूर्त नाहीत म्हणून गाडी होती तशीच गोठ्यात पऱ्हाटीच्या ढिगाआड लावली. वरून ताडपत्री, आतून ओल. चार महिन्यांत पाऊस आणि गंज दोघांनी आपापलं काम चोख केलं. कागदाएवढी फट भरायला गंज लागतो तरी किती?

तुळशीच्या लग्नानंतरची पहिली ऑर्डर. इंजिन चालू केलं, पट्टा किंचाळला, जळक्या रबराचा वास गोठाभर झाला, बैल दाव्याला हिसके द्यायला लागले. पुली तसूभर हलेना. पोरगा चार फुटी पाइप घालून लोंबकळला, तेव्हा पाइप वाकला. नव्या ब्लोअरचा आकडा ऐकला आणि चार एकरांतल्या कपाशीचा चुकारा कुठं जाणार ते कळलं. त्या लग्नातले गालिचे आम्ही पुन्हा काठ्यांनीच झोडपले.

स्प्रेचा डबा मात्र वाया गेला नाही. महागाचा म्हणून तीन वर्षं सील न फोडता जपला होता. परवा फोडला. आमच्या गोठ्याचं फाटक आता अजिबात करकरत नाही.