महापालिकेचा हिशेब तपासू इच्छिणाऱ्या नागरिकांस काही सूचना

आपल्या करातून झालेले काम कागदावरच्या कामाशी ताडून पाहावे, अशी दुर्बुद्धी कधी ना कधी प्रत्येकाला होते. मला ती दोन महिन्यांपूर्वी झाली. आमच्या गल्लीतील नव्या गटाराच्या फलकावर लांबी 140 मीटर लिहिलेली आहे. गटार मात्र पिठाच्या गिरणीपाशी येऊन थांबते आणि पुढे सांडपाणी आपली वाट आपणच शोधते. मुलाला टेपचे दुसरे टोक धरायला लावून मी ते मोजले, तेव्हा 91 मीटर भरले. त्यातून आलेले शहाणपण वाचकांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिली सूचना अशी की, मोजू नये. टेप घरात असलीच तर ती पडद्यांसाठी वापरावी.

मोजलेच असेल, तर सोमवारी जावे. शासनाच्या 2018 च्या निर्णयानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांतील अभिलेख दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना पाहता येतात. पहिल्या सोमवारी साहेब साइटवर होते, दुसऱ्या सोमवारी कपाटाची किल्ली साहेबांबरोबर साइटवर होती, तिसऱ्या सोमवारी सुट्टी होती. चौथ्या सोमवारी फाइल मिळाली, पण मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेले काम मोजून लिहायची वही, तिच्यात नव्हती; ती ‘अकाउंट्सला गेली’ होती.

माहितीच्या अधिकारात अर्ज अवश्य करावा. दुसऱ्या अपिलाच्या निकालाला कायद्याने मुदतच घातलेली नसल्यामुळे निवृत्तीनंतर हा छंद चांगला पुरतो.

त्रयस्थ संस्थेच्या तपासणीवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवावा. त्रयस्थ म्हणजे दोन्ही पक्षांशी संबंध नसलेला, असा आपला जुना समज आहे. इथे मात्र ज्या विभागाचे काम तपासायचे, त्याच विभागाने नेमलेल्या आणि त्याच्याच हातून शुल्क घेणाऱ्या संस्थेला हा शब्द लावला होता. फाइलमध्ये या संस्थेचा अहवाल होता, ‘काम समाधानकारक’ असा शेरा होता आणि 4 छायाचित्रे जोडलेली होती. तिसऱ्या छायाचित्रात गटाराच्या कडेला मारुतीचे मंदिर दिसते. आमच्या गल्लीत मंदिर नाही. मी तिथे 22 वर्षे राहतो. असते तर एखाद्या शनिवारी तरी कळले असते. हे मी अभियंत्यांना दाखवले, तेव्हा त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला आणि म्हणाले, “काम चालू असताना असेल.” म्हणजे गटार अपुरे राहिले ते राहिले, वर आमचे एक देऊळही गेले! त्या अहवालाखाली आणि देयकावर मिळून 5 सह्या आहेत. या पाचांपैकी एकाने जरी गल्लीत येऊन पावले मोजली असती, तरी हा आकडा लिहिताना त्याचा हात अडखळला असता. कोणी आले नाही. कोणाला यावेसे वाटले नाही, कारण न आल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

मुख्य लेखापरीक्षकांच्या अहवालाची शांतपणे वाट पाहावी. तो स्थायी समितीपुढे जातो, म्हणजे मोठ्या निविदा मंजूर करणारे आणि त्यांवरील आक्षेप वाचणारे तेच असतात. 2022 मध्ये मुदत संपल्यापासून जानेवारी 2026 मधील निवडणुकीपर्यंत मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांत आयुक्तच प्रशासक होते आणि स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याचकडे होते, त्यामुळे मतभेदाचा प्रश्नच उरला नव्हता.

लेखापरीक्षणाच्या आक्षेपांना उत्तर म्हणून येणाऱ्या ‘अनुपालन सादर करण्याची तजवीज ठेवली आहे’ या वाक्याचा अर्थ विचारू नये.

कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, नावाने कोणाला भीती घालण्यातही अर्थ नाही. मुंबई महापालिकेच्या सुमारे 12 हजार कोटींच्या कामांवरील कॅगचा विशेष अहवाल मार्च 2023 मध्ये विधानसभेत मांडला गेला. कोविडवरील खर्च मात्र महापालिकेने 1897 चा साथरोग कायदा पुढे केल्यामुळे त्या तपासणीबाहेर राहिला. प्लेगच्या साथीत केलेला कायदा सव्वाशे वर्षांनी खर्चाच्या कागदांनाही लागू पडला.

आता पुरे. अभियंता साहेब, 91 मीटरच्या गटारावर तुम्ही 140 मीटरची सही केलीत आणि वर मला देवळाची गोष्ट सांगितलीत, याची तुम्हाला लाज वाटायला हवी. लेखाधिकारी महोदय, मोजमाप पुस्तिका तुमच्याकडे होती, तर बिल काढण्यापूर्वी तुम्ही तिच्यात काय पाहिलेत? आणि आमच्या प्रभागातील चारही नगरसेवकांनो, त्या त्रयस्थ संस्थेचा अहवाल सभेपुढे मागवा, असे पत्र मी तुम्हा प्रत्येकाच्या हातात दिले. त्याचे उत्तर म्हणून तुमच्यापैकी एकाने स्वतःच्या वाढदिवसाचे निमंत्रण पाठवले. खर्चाचा तपशील न मागता प्रसिद्ध करावा, असे माहिती अधिकार कायद्याचे कलम 4 तुम्हा सर्वांना 2005 पासून सांगत आहे. 140 मीटरचे पैसे आम्ही भरले आहेत. उरलेले 49 मीटर पावसाळ्यापूर्वी बांधा, नाहीतर ती रक्कम ठेकेदाराच्या अनामतीतून वसूल करा आणि वसुलीची पावती त्या फलकाशेजारी लावा.