पास्टरेट कमिटीवर नवीन निवडून आलात? मग हे वाचाच

सलाम मंडळी.

निवडणूक झाली, कुणाचं पॅनल आलं, कुणाचं पडलं, पेढे वाटून झाले. आता चर्चचा कारभार बघणाऱ्या या कमिटीच्या नवीन मेंबरांसाठी चार उपयोगाच्या गोष्टी लिहून ठेवतो. तुम्हाला वाटत असेल की छत गळतंय ते बघावं, कब्रस्तानचं कुंपण बघावं, बोअरची मोटर दुरुस्त करावी. असल्या फंदात पडू नका. मागची कमिटी पण पडली नव्हती, तरी अर्धी परत निवडून आलीच ना. (मिशन कंपाउंडच्या जागेचं तर नावच काढू नका. केस चालू आहे. केस चालूच असते.)

तुमचं खरं काम वेगळंय. समलिंगी माणसांबद्दल जग बदलायला लागलं की मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, गेटला आतून कडी घालायची. हे कसं करतात ते मी नुकतंच लई जवळून बघितलंय, कारण मागं ती कडी माझ्याच भाच्याच्या तोंडावर लागली. त्याला विचारूनच लिहितोय, तो म्हणाला, मामा लिहा खुशाल, फक्त माझं नाव नको. गावाचंही नाव घालत नाही. जालना, परभणी, बीड, कुठलंही धरा, काही बिघडत नाही.

तर सगळ्यात आधी गप्प बसायला शिका. दिसतं तेवढं सोपं नाही ते. तरुण संघाच्या शिबिरात प्रश्नपेटी ठेवतात बघा, चिठ्ठीवर नाव न घालता प्रश्न टाकायचा. अशाच एका शिबिरात मी स्वयंपाकाकडं होतो, वरणाची बादली घेऊन हॉलच्या दारात उभा, आत सत्र काही संपेना. वक्त्यानं एक चिठ्ठी उघडली, वाचली, चार घड्या घातल्या, शर्टाच्या खिशात टाकली आणि म्हणाला, "पुढचा प्रश्न." पोरं एकमेकांकडं बघायलीत. चिठ्ठीत काय होतं ते पंगतीत कळलं, पोरांत काही लपत नाही. "मला मुली आवडत नाहीत, देव माझ्यावर रागावलाय का?" एवढंच होतं. एका लेकरानं हिंमत करून देवाबद्दल विचारलं, बायबल कॉलेजातून शिकून आलेल्या माणसाला विचारलं, आणि उत्तर काय मिळालं, तर खिसा. तुम्हीपण मोठ्या खिशाचे शर्ट शिवून घ्या, पुढं कामाला येतील.

"आपल्याकडं असलं काही नसतं." हे वाक्य पाठ करा.

त्याच्या जोडीचं दुसरं वाक्य म्हणजे "हे सगळं पाश्चात्त्यांचं खूळ आहे." हे म्हणताना अंगात थ्री-पीस असला तर फारच छान. मे महिना, बेचाळीस डिग्री, लाईट गेलेली, नवरदेव कोटात शिजून निघालाय, नवरी पांढऱ्या गाऊनमध्ये, बाजूला तीन मजली केक वितळायलाय, आणि पाळकसाहेब पुल्पिटवरून सांगायलेत की पश्चिमेचं वारं घरात शिरू देऊ नका. आमेन! फक्त एक करा, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा इतिहास कुणाला सांगत बसू नका. ते कलम इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलं, तुमच्या-माझ्या पणजोबांनी नाही. खुद्द इंग्लंडनं आपल्याकडचा तसला कायदा १९६७ मध्ये मोडीत काढला. आपल्या सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ ला दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे संबंध त्या कलमातून बाहेर काढले, आणि १ जुलै २०२४ पासून जी न्याय संहिता लागू झाली तिच्यात तर ते कलमच नाही. म्हणजे गोऱ्या साहेबानं सोडलं, सरकारनं सोडलं, कोर्टानं सोडलं, आता ते सांभाळायची जबाबदारी आपल्या पॅरिश हॉलवर आली. केवढा मान!

कुणी वाद घालायला लागलं तर "शास्त्र बदलत नाही" म्हणा. बरोबरच आहे, शास्त्र बदलत नाही, आपण बदलतो, आणि बदललो हे कुणाला सांगत नाही. १९२० च्या लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी संततिनियमनाच्या साधनांविरुद्ध कडक इशारा दिला, आणि १९३० च्या लॅम्बेथ परिषदेत अटी घालून वाट मोकळी केली. दहा वर्षांत! आज आपल्या मंडळीत तरुण जोडप्यांना दोनाच्या वर लेकरं कुणाला आहेत, हात वर करा बरं. बायांनी मंडळीत गप्प राहावं हे पौलानं लिहिलंय, तरी आज बाई पाळक पुल्पिटवर उभी राहते आणि तिकडं चर्च ऑफ साउथ इंडियानं तर २०१३ ला बाईला बिशप केलं. आभाळ पडलं का? नाही पडलं. मला हे सगळे बदल मान्यच आहेत हो, चांगलेच झाले. मी एवढंच बघतोय की जो बदल आपल्या घराच्या सोयीचा असतो तो पवित्र आत्मा घडवतो, आणि दुसऱ्याच्या लेकराच्या सोयीचा असला की तो सैतान घडवतो.

देवानं नाश केलेल्या सदोम शहराची गोष्ट या लोकांविरुद्ध हमखास सांगतात, ती सांगताना बायबलातलं यहेज्केल १६:४९ उघडू नका. तिथं सदोमाचा दोष म्हणून गर्व, पोटभर अन्न, निवांत सुख आणि गोरगरिबांना हात न देणं असलं काहीतरी लिहिलंय. कमिटीला अडचणीचं आहे.

तृतीयपंथी दारात आले तर दहा रुपये द्या, खुर्ची देऊ नका. सुप्रीम कोर्टानं १५ एप्रिल २०१४ ला त्यांना त्यांची ओळख दिली ती कोर्टात, आपल्याकडं नाही. आणि हो, प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय वाचायची पाळी आलीच तर भरभर वाचून टाका. कारण बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायात ज्या षंढ माणसाला परमेश्वराच्या मंडळीत यायला बंदी आहे, त्यालाच यशया ५६ मध्ये देव स्वतः म्हणतो की माझ्या घरात तुला लेकरांपेक्षा मोठं नाव देईन, आणि कृत्ये आठमध्ये तशाच एका माणसाला, परदेशी राणीच्या खजिनदाराला, फिलिप्प रस्त्यात पाणी दिसल्याबरोबर बाप्तिस्मा देतो. पास्टरेट कमिटीची मिटिंग नाही, सेक्रेटरीचं पत्र नाही, सहा महिन्यांची वर्गणी बाकी आहे का तेही विचारलं नाही. फिलिप्पाला नियमच माहीत नव्हते बहुतेक.

बातम्या व्हॉट्सॲपवरूनच घ्या. १८ डिसेंबर २०२३ ला व्हॅटिकनचा जाहीरनामा आला तेव्हा आपल्या ग्रुपवर लगेच पडलं, "पोपनं समलिंगी लग्नं लावायला सांगितलं, शेवटचा काळ आला." त्यात काय लिहिलंय ते कुणी वाचलं? लग्न स्त्री-पुरुषाचंच असं त्यात स्पष्ट आहे, विधी करू नका असंही आहे, फक्त तसं जोडपं आशीर्वाद मागायला आलं तर फादरनं साधा आशीर्वाद द्यायला हरकत नाही, एवढंच. पण आपण कॅथलिक नसून पोपची काळजी आपल्यालाच जास्त. त्याच्या दहा वर्षं आधी, २०१३ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं ३७७ परत जिवंत केलं होतं तेव्हा मुंबईचे कार्डिनल ग्रेशियस बोलले होते की अशी लग्नं चर्चला मान्य नाहीत, पण म्हणून ही माणसं गुन्हेगार ठरत नाहीत. आपल्यापैकी कुणी एवढं तरी बोललं का? नागपूरला नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेसचं ऑफिस आहे, तिथं या विषयावर कितीतरी चर्चासत्रं झालीत. समृद्धीवरून निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचाल. जाऊ नका मात्र, उगाच माहिती होईल.

अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्टांसारखं तर बिलकुल वागू नका. त्यांनी १९७२ ला आपल्या नियमांच्या पुस्तकात समलिंगी लोकांविरुद्ध एक वाक्य घातलं, त्यावर पन्नासेक वर्षं भांडले, मतदान केलं, हजारो चर्चेस फुटून बाहेर पडली, आणि २०२४ ला ते वाक्य काढलं. चूक का बरोबर ते तुम्ही ठरवा, पण सगळं उघड, सगळं लेखी. आपल्याकडं असला बावळटपणा चालत नाही.

आपल्याकडं सगळं तोंडी.

भाचा बारावीपासून चर्चमध्ये वाजवतो. आता पुण्यात कंपनीत आहे, तरी जमेल त्या शनिवारी रात्रीची गाडी पकडून येतो आणि सकाळी न झोपता उपासनेला बसतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांची जुनी गीतं म्हाताऱ्या बाया ज्या चालीत म्हणतात त्या चालीत वाजवणारा आता तो एकटाच राहिलाय. कीबोर्ड पण त्यानंच पहिल्या पगारातून आणून दिला. तर पुण्यात समलिंगी लोकांची प्राईड मिरवणूक असते तिथला त्याचा एक फोटो, मित्राच्या खांद्यावर हात, मागं तो रंगीत झेंडा, कुणीतरी स्क्रीनशॉट काढून फिरवला. पोरानं स्वतः कुणाला काही सांगितलेलं नाही, कुणी विचारलंही नाही. फोन आला, "या रविवारी आराम कर." मग, "नवीन पोरांना चान्स देऊ." मी सेक्रेटरीला म्हटलं ठराव दाखवा. "ठराव नाही हो भाऊ, आपलं तोंडीच ठरलं." बरं मग कीबोर्ड घेऊन जातो आम्ही. "तो तर प्रभूला अर्पण केलाय ना!" म्हणजे पोरगं नको, कीबोर्ड पाहिजे. आणि परवा हंगामाच्या सणाच्या लिलावात यानंच पुण्याहून फोनवर बोली लावून एक कोहळा घेतला, तेव्हा माईकवरून त्याचं नाव तीन-तीनदा पुकारलं. पैशाला झेंडा नसतो.

आता शेवटची आणि हुकमी युक्ती. लग्न लावून द्या.

कमिटीतले एक वडीलधारे बहिणीच्या घरी आले, चहा घेतला, प्रार्थना केली आणि पिशवीतून बायोडाटा काढला. "अक्का, एकदा याचं जमू द्या, लोकांची तोंडं बंद होतील, मग वाजवू द्या त्याला परत." पोरगी नगरकडची, नर्सिंग झालेली, बाप नाही, आईनं शिवणकाम करून शिकवलेली. बाप नसलेलीच बरोबर सापडते बघा. मी विचारलं, त्या पोरीला सांगणार आहात का तुम्हाला जे वाटतंय ते? म्हणे, "असलं काही सांगत नसतात, लग्न झालं की सुधरतं." सुधरतं! किती पोरी सुधरवायला खर्च केल्यात आजपर्यंत, त्याचं रजिस्टर आहे का कुणाकडं? तीन रविवार तुम्ही पुल्पिटवरून जाहीरनामे वाचणार, कुणाची काही हरकत असेल तर सांगा म्हणणार, आणि हरकत कमिटीतल्या सगळ्यांना माहीत असून सगळे मान खाली घालून गीताचा नंबर शोधणार. मग ती पोरगी दोन वर्षांनी आईकडं परत आली की तुम्हीच सांगणार, देवानं जोडलं ते माणसानं तोडू नये. देवानं कुठं जोडलं हो? बायोडाटा तुम्ही आणला! आधीच आपला घटस्फोटाचा कायदा १८६९ चा, २००१ ला बदलला तोपर्यंत नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे आणि बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला छळ नाहीतर टाकून देणं पण सिद्ध करावं लागायचं, सव्वाशे वर्षं आपल्या बाया त्यात पिचल्या, आणि आता कायदा सुधारला तर तुम्ही नवीन पोरगी आणून परत त्याच खोलीत कोंडायला निघालात, ते पण कशासाठी, तर रविवारी कीबोर्ड कुणी वाजवायचा यासाठी!

पुरे झालं. आता सरळ बोलतो.

लाज वाटू द्या जरा. अशी लग्नं चर्चमध्ये लावावीत का नाही, यावर दोन मतं असतील, मलाही सगळंच कळलंय असं नाही, सुप्रीम कोर्टानंही ऑक्टोबर २०२३ ला तसल्या लग्नाला मान्यता दिलेली नाही. बायबल उघडून वाद घाला, मी रात्रभर बसतो. पण तुम्ही वाद कुठं घातला? तुम्ही फोटो फिरवला, फोन केला आणि एका विधवेच्या पोरीचा बायोडाटा आणला. याला विश्वास नाही म्हणत, याला भित्रेपणा म्हणतात. आणि आपण कोण आहोत हे तरी आठवा. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं ते कुणासाठी? गावानं वेशीच्या आत घेतलं नाही, आडावर पाणी भरू दिलं नाही, त्या तुमच्या-माझ्या आजा-पणजासाठीच ना? तेव्हाही गाव हेच म्हणत होतं, रीत आहे, शास्त्र आहे, आमचा नाइलाज आहे. आपल्याला आत घेतलं तेव्हा कुणी स्क्रीनशॉट तपासले नव्हते.

पोरगं अजून येतं. मागच्या बाकावर आजीच्या शेजारी बसतं, पट्टी चुकली की त्याची बोटं मांडीवर हलतात आणि तुम्ही समोरून बघून न बघितल्यासारखं करता. तो चांगला आहे म्हणून येतो, तुमच्यामुळं नाही. मी तेवढा चांगला नाही.

वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. भाच्याला काढायचं कारण काय, ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणाचं, हे मी नावानिशी विचारणार आहे आणि मिनिट्समध्ये लिहून घेणार आहे. मागच्या सभेत मी जागेचा प्रश्न काढल्यावर माईक बंद पडला होता. यावेळेस बंद पाडायची तसदी घेऊ नका, मला माईक लागत नाही.