विषय : टोमॅटो तोडणीचे बटण पूर्ववत करणेबाबत

मी मोबाइलवर शेती करते. हसा. हसून झालं की पुढे वाचा.

मंगळवारी रात्री त्या खेळाचं नवं अपडेट आलं. 'सगळं तोडा' हे बटण जिथे होतं, तिथे 'हिरे वापरून पीक झटपट वाढवा' हे बटण येऊन बसलं. 'सगळं तोडा' पार वरच्या कोपऱ्यात गेलं. तिथवर अंगठा पोचवायचा तर मला कुणाचा तरी उसना हात लागेल. बुधवारी संध्याकाळची डोंबिवली लोकल, एका हातात वरची कडी, दुसऱ्या हातात फोन. अंगठ्याला जागा पाठ, तो नेहमीच्या ठिकाणी गेला. ठाणे सुटल्यावर डोंबिवली यायच्या आत माझे एकेक करून साठवलेले सगळे हिरे मुळ्यांच्या वाफ्यात गेले. मुळे तसेही दोन मिनिटांत तयार होणार होते. आणि हिरे संपल्याबरोबर पडद्यावर काय आलं? 'हिरे संपले? आता विकत घ्या!' मधोमध एक गाय, डोळा मारणारी.

कंपनीचं नाव लिहीत नाही. फुकटची जाहिरात कशाला?

घरी येऊन बाल्कनीत बसले आणि 'डिअर टीम' असं लिहायला घेतलं. तेवढ्यात पलीकडच्या बाल्कनीतून आवाज आला, "अर्ज का?"

आमचे शेजारी काका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण ते फक्त कागदोपत्री. सोसायटीच्या टाकीचं झाकण चोरीला गेलं तेव्हा त्यांनी केलेला पंचनामा अजून नोटीस बोर्डावर आहे. झाकण अजून आलेलं नाही. कुणी कागदावर, नाहीतर फोनवर, काहीही लिहिताना दिसलं की काकांना राहवत नाही. मी एवढंच म्हटलं, "एका खेळाच्या कंपनीला तक्रार लिहितेय." पाचव्या मिनिटाला काका चष्मा, पॅड आणि लाल-निळं पेन घेऊन आमच्या सोफ्यावर होते.

"'डिअर टीम' म्हणजे कोण? पदनाम काय त्यांचं? पदनाम नसेल तर पत्र घेणार कोण?" त्यांनी माझा मजकूर वाचायला सुरुवात केली. "आणि हे काय? 'मी तुमच्या खेळाची खूप मोठी चाहती आहे.' काढ ते. अर्जदाराने चाहती असू नये. बाधित असावं."

मी काढलं.

"आता मिळकतीचं वर्णन. मौजे?"

"काका, गावाचं नाव मीच ठेवलंय. मीनलवाडी."

"मौजे मीनलवाडी. तालुका?"

"तालुका नाहीये."

काका थांबले. तालुका नसलेली जमीन त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलेली नव्हती. "बरं, ती जागा कोरी सोड. चतुःसीमा सांग."

हा माणूस गंमत करत असेल असं मला इथपर्यंत वाटत होतं. पण त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्वतःच सांगायला लागले, "उत्तरेस घड्याळ आणि बॅटरी. दक्षिणेस दुकान. पश्चिमेस जंगल, कुलूपबंद. पूर्वेस..." पूर्वेला साडीच्या सेलची जाहिरात आली होती. काकांनी ती संपेपर्यंत वाट पाहिली. संपल्यावर दुसरी लागली. "पूर्वेस अतिक्रमण," ते म्हणाले आणि लिहून घेतलं.

"पीक?"

"टोमॅटो, मुळा, थोडं सूर्यफूल."

"टोमॅटो किती दिवसांत येतो?"

"आठ मिनिटांत."

पेन थांबलं. काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "संकरित?"

माझ्या नवऱ्याला नेमकं याच वेळी स्वयंपाकघरात काहीतरी काम निघालं. आतून त्याच्या खोकल्याचे आवाज येत होते. मला हसू येत नव्हतं. माझे हिरे गेले होते.

"सातबारा कोणाच्या नावावर आहे?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, सातबारा कसला, खेळ आहे तो. पण त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन अटी-शर्ती उघडल्या आणि वाचायला घेतल्या. सगळ्या. एक बोट ओळीवर ठेवून, प्रत्येक कलमाला 'हं' म्हणत. जगात अटी-शर्ती वाचणारा माणूस असतो हे मी ऐकून होते, प्रत्यक्ष प्रथमच पाहत होते. त्यांचा चहा दोनदा गरम करून द्यावा लागला. शेवटी त्यांनी फोन खाली ठेवला आणि मोठ्या आजाराचं निदान सांगताना डॉक्टर वापरतात त्या आवाजात म्हणाले, "मीनल, यातलं काहीही तुझं नाही. नाणी नाहीत, हिरे नाहीत, कोंबड्या नाहीत. तुला फक्त वापराचा परवाना आहे. तो ते कधीही काढून घेऊ शकतात. तू साधी कूळसुद्धा नाहीस."

"मग कूळ होता येईल का?"

"१९४८ चा कायदा आहे. पण मालक ठरायला १ एप्रिल १९५७ रोजी जमीन कसत असायला हवं. तू कसत होतीस?"

"काका, तेव्हा माझी आई पाळण्यात होती."

"मग नाही," काका म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं.

यात काका अजिबात चुकीचे नव्हते, हीच तर चीड आहे. 'द क्रू' नावाचा गाड्या पळवायचा एक खेळ २०१४ मध्ये आला होता. लोकांनी रोख पैसे मोजून विकत घेतलेला. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्ट या त्याच्या कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि खेळ सगळ्यांच्या घरात एकदमच मेला. एकटं खेळायची सोयसुद्धा उरली नाही. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबवाल्याने 'स्टॉप किलिंग गेम्स' अशी मोहीम काढली आणि जुलै २०२५ पर्यंत युरोपातल्या लोकांच्या दहा लाखांहून जास्त सह्या जमवल्या. इतक्या जमल्या की युरोपियन कमिशनला दखल घेणं भाग पडतं. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे, की तुम्ही गिऱ्हाइकाला नुसता परवाना देत असाल तर 'विकत घ्या' म्हणताना तसं स्पष्ट सांगा. मी हे सगळं काकांना सांगितलं.

"दहा लाख!" काकांचे डोळे भरून आले होते असं मी म्हणणार नाही, पण त्यांनी चष्मा पुसला. "त्यात अंगठे किती?"

मग मला चेव आला. खेळ करणाऱ्यांना पत्रं लिहिणारी मी काही पहिली नव्हे, हे मला आमच्या सोफ्यावर सिद्ध करायचं होतं. २०१२ मध्ये 'मास इफेक्ट ३' चा शेवट लोकांना आवडला नाही. या मालिकेच्या तीन खेळांमध्ये मिळून शेकडो निर्णय घ्यायचे आणि अखेरीस वाट्याला काय, तर जवळपास एकसारखे शेवट, फक्त रंग वेगळे. तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढून कॅनडात एडमंटनला, तो खेळ करणाऱ्या बायोवेअर कंपनीच्या ऑफिसात, चारशे कपकेक पाठवले. वर लाल, निळं, हिरवं आयसिंग. चव सगळ्यांची एकच, व्हॅनिला. याहून नेमकं निवेदन मी आजवर पाहिलेलं नाही.

"गोड पाठवलं?" काका सावध झाले. "हे लाचेत बसतं."

"कंपनीने ते बेघर मुलांच्या निवाऱ्याला देऊन टाकले."

"मग हरकत नाही. मागणीचं काय झालं?"

"त्याच उन्हाळ्यात शेवट वाढवून दिला. फुकट."

"बघ," काका म्हणाले, आणि माझ्या अर्जाच्या समासात त्यांनी बारीक अक्षरात काहीतरी टिपून ठेवलं. नंतर पाहिलं तर 'पेढे?' असं होतं.

इंग्लंडमधल्या गिल्डफर्डची गोष्ट मात्र मी सांगायला नको होती. 'नो मॅन्स स्काय' हा खेळ २०१६ मध्ये आला तेव्हा सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी त्यात नव्हत्या आणि लोकांनी शॉन मरे या त्याच्या कर्त्याला सळो की पळो करून सोडलं. पुढे काही वर्षं मरे आणि त्याचे सहकारी मुकाट्याने खेळात फुकट भर घालत राहिले. शेवटी २०१९ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून त्यांच्या ऑफिसजवळ 'थँक यू' असा मोठा फलक लावला. काकांना इतकंच कळलं की तिकडेही फ्लेक्स लावतात. "शुभेच्छुकांचे फोटो होते?" नव्हते म्हटल्यावर त्यांना ती गोष्ट खोटी वाटू लागली.

जे मी काकांना सांगितलं नाही ते असं. पत्रं नुसती गोड नसतात. २०१३ मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या एका भागात एका बंदुकीचा दोन गोळ्यांमधला वेळ ०.२ सेकंदांवरून ०.४ सेकंद केला. एवढ्यावरून डेव्हिड वॉन्डरहार या तिथल्या डिझाइन प्रमुखाला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. सेकंदाच्या पाचव्या हिश्शासाठी. आणि हनोईचा डाँग न्युएन? त्याने घरी बसून एकट्याने 'फ्लॅपी बर्ड' केला, जगाने तो डोक्यावर घेतला, आणि मग जगानेच त्याला लिहायला सुरुवात केली, की तुझ्या खेळापायी फोन फुटले, तुझ्या खेळापायी नोकरी गेली. फेब्रुवारी २०१४ मध्ये, खेळ ऐन भरात असताना, आता सहन होत नाही असं सांगून त्याने तो स्वतःच्या हाताने काढून टाकला. मी तो खेळायचे. मीही त्याला मनातल्या मनात बरंच काही बोलले होते, पण निदान मनातल्या मनात.

एकटा बसून खेळ करणाऱ्या पोराला प्रत्येक पत्र वाचावं लागतं आणि प्रत्येक लागतं. माझे हिरे खाणाऱ्यांच्या इमारतीत मात्र पत्र माणसापर्यंत पोचतच नाही. ते बटण कुणीतरी विचार करून हलवलंय. कुणीतरी बसून मोजलंय, की लोकलमध्ये लटकलेल्या बाईचा अंगठा पडद्यावर कुठे पडतो. त्या माणसाला पदनाम असणार, त्याला त्या कामाचा पगार मिळत असणार, त्याला दिवाळीला बोनसही मिळत असेल. मला त्याला पत्र लिहायचं होतं. त्याचाच पत्ता कुठे नाही.

असो. अर्ज तयार झाला. 'उपरोक्त विषयान्वये विनंतीपूर्वक कळविण्यात येते की' पासून 'उचित कार्यवाही होऊन मिळावी' पर्यंत. सोबत सहपत्रे दोन : पडद्याचे फोटो. प्रत माहितीसाठी : निवड नस्ती. काकांनी मला खाली सही करायला लावली, तारखेसह. मग मी त्या कागदाचा फोटो काढून कंपनीच्या 'मदत' या पानावर चढवला आणि 'पाठवा' दाबलं.

फोन हातातून खाली ठेवायच्या आत उत्तर आलं.

'हाय सुपरस्टार शेतकरी! तुझं पत्र वाचून आम्हाला खूप आनंद झाला! तुझं मत आमच्यासाठी लाखमोलाचं आहे! खेळ बंद करून पुन्हा सुरू करून पाहिलास का? तुझ्यासाठी खास भेट : १० गाजरं! तुझी तक्रार सोडवण्यात आली आहे.' खाली सूर्यफुलांची रांग आणि तीच गाय.

काकांचा चेहरा उतरला. अपमान माझा झाला होता, पण लागला त्यांना.

"दहा सेकंदांत?" ते म्हणाले. "दहा सेकंदांत फक्त वाचत नाहीत तेच उत्तर देतात. आमच्याकडे नुसतं वाचायला तीन महिने लागायचे. आणि ही तक्रार निकाली काढली कुणी? सही कुठे आहे? शेरा कुठे आहे?" मग थोडं थांबून, "गाजरं घेऊ नकोस. घ्यायचीच वेळ आली तर 'निषेध नोंदवून स्वीकारली' असं लिहून घे."

त्यांनी तिथेच स्मरणपत्र क्रमांक एक लिहायला घेतलं. मधल्या वेळात मी शेत उघडायला गेले, कारण टोमॅटो उतरायला झाले होते आणि वेळेत तोडले नाहीत तर ते सडतात. ही सुधारणाही याच अपडेटमधली. पण शेत उघडेना. पडद्यावर एक चौकट : 'आमची मदत कशी वाटली? तारे द्या!' चौकट बंद करायची फुली कुठेच नव्हती. एक तारा दाबला तर 'अरेरे! का ते सविस्तर सांग' म्हणून मोठा फॉर्म उघडला, त्यात किमान दोनशे अक्षरं सक्तीची. मागे गेले. दोन ताऱ्यांनाही तोच फॉर्म. पलीकडे टोमॅटोच्या कडा काळ्या पडताना अर्धवट दिसत होत्या.

मी पाच तारे दिले. चौकट गेली, गाय नाचली, शेत उघडलं.

काकांनी ते पाहिलं. पेनाला टोपण लावलं, पॅड उचललं आणि एक शब्द न बोलता निघून गेले. सकाळी दूध घेताना काकूंनी हळूच सांगितलं, "तुझ्यावर चिडलेत गं ते. म्हणतात, अर्जदारच फितूर झाला."