दूध कोणी प्यायलं?

जॉर्ज ऑर्वेलची ‘ॲनिमल फार्म’ ही छोटी कादंबरी: शेतावरचे प्राणी मालक जोन्सला हाकलतात आणि मग सत्ता हळूहळू डुकरांच्या हातात जाते. तिचा विषय निघाला की कोणतं पात्र म्हणजे कोण, याचा तक्ता दोन मिनिटांत तयार होतो. डुकरांपैकी नेपोलियन म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, म्हातारा मेजर म्हणजे मार्क्स आणि थोडा लेनिन. तक्ता बरोबरच आहे. पण तो भरला की बहुतेक जण पुस्तक मिटतात, आणि मला त्याचंच वाईट वाटतं. सत्ता हातातून कशी निसटते ते ऑर्वेलनं क्रियापदांत मांडून ठेवलंय, आणि तिथवर कोणी पोचतच नाही.

दुसऱ्या प्रकरणाचा शेवट काढा. जोन्सला हाकललंय, गाईंची चोवीस तास धार काढलेली नाही. डुकरं बादल्या मागवतात, धार काढतात. पाच बादल्या फेसाळ, साईचं दूध. याचं आता काय होणार, असं कोणीतरी विचारतं. नेपोलियन बादल्यांच्या पुढ्यात येऊन उभा राहतो आणि म्हणतो, दुधाची काळजी नको, त्याची व्यवस्था होईल. कोण करणार? वाक्यात नाही. सगळे गवत कापायला जातात, संध्याकाळी परततात, तेव्हा दूध नाहीसं झाल्याचं लक्षात येतं. कोणाच्या लक्षात येतं, कोणी नाहीसं केलं, हेही वाक्यात नाही. पुढच्या प्रकरणात कळतं की ते रोज डुकरांच्या आंबोणात मिसळलं जात होतं. मग दूध आणि खाली पडलेली सफरचंदं फक्त डुकरांसाठी राखून ठेवावीत हे मान्य होतं. चार वाक्यं, आणि एकातही कर्ता नाही. १९४६ च्या एका पत्रात ऑर्वेलनं लिहिलंय की गोष्टीचं वळण इथेच आहे, आणि कंसात क्रोन्श्टाटचं नाव घातलंय. १९२१ मध्ये तिथल्या नौसैनिकांचा उठाव बोल्शेविकांनी चिरडला होता. एवढ्या मोठ्या वळणावर लेखकानं एकही विशेषण खर्च केलेलं नाही.

हे मराठीत वाचताना किंवा मराठीत आणताना एक घोळ हमखास होतो. इंग्रजीतल्या या रचनेला आपण सवयीनं ‘कर्मणी’ म्हणून मोकळे होतो. पण ‘डुकरांनी दूध प्यायलं’ हाही मराठीत कर्मणी प्रयोगच, आणि त्यात डुकरं ढळढळीत समोर उभी आहेत. कर्ता लपवायची मराठीची हत्यारं वेगळी आहेत. एक म्हणजे ‘होणं, जाणं, संपणं’ अशी अकर्मक क्रियापदं: दूध संपलं, व्यवस्था होईल. दुसरं म्हणजे सरकारी परिपत्रकातलं ‘-ण्यात आले’: निर्णय घेण्यात आला, शिधा कमी करण्यात आला. नेपोलियनच्या तोंडी ‘दुधाचं मी बघतो’ हे वाक्य कानाला अगदी सहज वाटेल, पण त्या ‘मी’नं सगळं घालवलं. ‘व्यवस्था होईल’ हेच हवं. उलट ‘व्यवस्था करण्यात येईल’ हे फार लवकर होतं. परिपत्रकाची भाषा स्क्वीलरसाठी, म्हणजे नेपोलियनची बाजू पटवून देणाऱ्या डुकरासाठी, राखून ठेवावी लागते.

स्वतः करून बघायचं तर पेन्सिल घ्या. एका प्रकरणातल्या प्रत्येक क्रियापदाला ‘कोणी?’ असं विचारा. वाक्याला उत्तर देता आलं नाही तर समासात खूण करा. एक चूक मात्र टाळा: प्रत्येक खूण म्हणजे लबाडी नव्हे. बंडाच्या प्रसंगातही जोन्स ‘हाकलला गेला’ अशीच रचना आहे, पण हाकलणारे आपण नुकतेच डोळ्यांनी पाहिलेले असतात. कर्ता आधीच्या वाक्यात सापडत असेल तर खूण पुसा. कुठेच सापडत नाही त्या खुणा ठेवा. सातव्या प्रकरणात उलटं होतं. कबुली देणाऱ्या प्राण्यांचे गळे नेपोलियनची कुत्री फाडतात तेव्हा वाक्य सरळ आहे, कर्ता आहे, क्रियापद आहे. तिथे हुकूम देणाऱ्याचं क्रियापद शोधायचं.

शब्दांची निवडही अशीच. निवेदकाची इंग्रजी आखूड, घरगुती शब्दांची. स्क्वीलर तोंड उघडतो तेव्हाच लॅटिन वळणाचे लांबलचक शब्द येतात. शिधा कमी झाला की तो ‘कपात’ म्हणत नाही, ‘फेरजुळणी’ म्हणतो. डावपेच या अर्थाचा शब्द तो शेपूट हलवत, उड्या मारत पुन्हा पुन्हा म्हणतो आणि प्राण्यांना त्याचा अर्थ नीट कळत नाही. आपल्याकडे हा फरक दाखवायला तयार जोडी आहे: निवेदकाला देशी आणि तद्भव शब्द, स्क्वीलरला संस्कृत तत्सम. सगळ्यालाच भारदस्त मराठी लावली की स्क्वीलर ओळखूच येत नाही. ‘कॉम्रेड’ मात्र तसाच ठेवावा. गिरणी कामगारांच्या मुंबईनं तो शब्द कधीच आपलासा केलाय.

आता भिंतीवरच्या आज्ञा: बंडानंतर रंगवलेले प्राण्यांचे सात नियम, जे पुढे गुपचूप बदलले जातात. माझ्या मते अनुवादाची खरी परीक्षा इथे आहे. इंग्रजीत चौथी आज्ञा आधी पलंगापाशी संपते. नंतर तिच्या शेपटीला ‘चादरीसकट’ अशा अर्थाचे दोन शब्द चिकटतात. आधीचा मजकूर जागच्या जागी राहतो, रंगाचा ब्रश फक्त शेवटी फिरतो. पाचवीला ‘अतिरेक होईल इतकी’, सहावीला ‘कारणाशिवाय’, दोन्ही शेवटीच. मराठीचं क्रियापद वाक्याच्या टोकाला बसतं, त्यामुळे ‘कोणताही प्राणी पलंगावर झोपणार नाही’ यात चादर घालायची तर मधे घुसवावी लागते आणि अख्खी ओळ पुन्हा रंगवावी लागते. मग मध्यरात्री शिडी मोडून स्क्वीलर खाली पडलेला, शेजारी कंदील, ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा उपडा डबा, हा पुरावा लुळा पडतो. उपाय एकच: बोलीतला क्रम वापरायचा. ‘कोणताही प्राणी झोपणार नाही पलंगावर’, आणि मग ‘चादर घालून’. कानाला थोडं अडखळतं. अडखळू द्या, भिंतीवरची अक्षरं आहेत ती. आणि ‘झोपू नये’ नको, ‘झोपणार नाही’ हवं. ‘नये’त उपदेश आहे. आज्ञा लिहिल्या गेल्या तेव्हा ती सगळ्यांनी मिळून घेतलेली शपथ होती.

बदललेली आज्ञा वाचून क्लोव्हर या घोडीला चादरीचा उल्लेख आठवत नाही. पण भिंतीवर आहे म्हणजे असलाच पाहिजे, असं निवेदक लगेच सांगून टाकतो. हा विचार क्लोव्हरचा, आवाज निवेदकाचा. अवतरणचिन्हं घालून तो क्लोव्हरला परत करू नका.

मेंढ्यांची घोषणा तर निव्वळ आवाजाचं काम. मूळात त्या आधी ‘फोर लेग्ज गुड, टू लेग्ज बॅड’ असं ओरडतात. नंतर शेवटचा ‘बॅड’ (वाईट) जाऊन त्याच ‘ब’नं सुरू होणारा ‘बेटर’ (जास्त चांगला) येतो, त्यामुळे बें-बें न थांबता चालू राहते. ‘दोन पाय अधिक चांगले’ म्हणताना मेंढीला धाप लागेल. मी ‘चार पाय छान, दोन पाय घाण’ असं घेईन आणि नंतर ‘चार पाय छान, दोन पाय महान’. एकच शब्द बदलला पाहिजे आणि यमक टिकलं पाहिजे.

एका शब्दाचं वजन ऑर्वेलला किती वाटे ते बघा. पवनचक्की स्फोटानं उडते तेव्हा नेपोलियनसकट सगळे प्राणी जमिनीवर आडवे पडतात, असं त्यानं आधी लिहिलं होतं. मार्च १९४५ मध्ये, पुस्तक छापून यायच्या काही महिने आधी, त्यानं प्रकाशकाला कळवून ‘नेपोलियनसकट’चं ‘नेपोलियन सोडून’ करायला लावलं. जर्मन फौजा चालून आल्या तेव्हा स्टालिन मॉस्कोतच थांबला होता, त्याच्यावर अन्याय नको, म्हणून. ज्याच्याविरुद्ध पुस्तक लिहिलं त्याच्याबद्दलही शब्द खरा हवा, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

नवव्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य मात्र पेन्सिल हातात घेऊन वाचा. बॉक्सर या राबणाऱ्या घोड्याला खाटकाच्या गाडीतून नेलंय. डुकरांनी व्हिस्कीची आणखी एक पेटी घेतलीय. त्यासाठी पैसे ‘कुठून तरी’ मिळवले, अशी कुजबुज आहे. घोडा आणि पेटी यांना जोडणारं एकही अक्षर ऑर्वेलनं लिहिलेलं नाही. मराठीतही ते ‘कुठून तरी’ तसंच राहू द्या.