मोड आले, पीठ नाही

गिरणीवाल्यानं माझ्या डब्यातले चार दाणे उचलले, दाढेखाली टाकले, डोळे मिटले आणि म्हणाला, "ओली आहे. घेऊन जा."

चार दिवस राबलो होतो हो! नाचणी तीन पाण्यांतून रोळली, बारा तास भिजत घातली, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधली, वर अधूनमधून पाण्याचा हबका. दुसऱ्या दिवशी सुईच्या टोकाएवढे पांढरे मोड दिसले. मी सतरा फोटो काढले. मुलीचा पहिला दात दिसला तेव्हा तुम्ही एकही काढला नव्हता, असं बायको म्हणते. मग वाळवणं. पुण्यात ऐन आषाढात ऊन आणायचं कुठून? नाचणी दोन रात्री पलंगावर पंख्याखाली झोपली, आम्ही हॉलमध्ये.

"अहो, मोड आणलेली आहे ती," मी म्हणालो.

"मग मोड खा की. दळायला कशाला आणली?"

मी समजावलं. मोड आले की लोह अडवणारं फायटिक आम्ल कमी होतं, लोह अंगी लागतं. शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. त्यानं भुवईवरचं पीठ झटकलं. "ओलं गेलं की माझा दगड चिकटतो. मग छिन्नीनं त्याला टाकी लावायला तुमचं कॅल्शियम येणार का?"

एवढ्यात मागच्या काकूंनी न विचारता डब्यात हात घातला. नाचणी तळव्यावर घेतली, फुंकली, हुंगली.

"मुळं चोळून पाखडली नाहीत?"

"नाही."

"आंबूसही येतोय जरा."

"येणारच," गिरणीवाला म्हणाला. "पाणी नीट निथळलं नसणार."

पेशंट शुद्धीवर आहे हे विसरून दोन डॉक्टर बोलतात, तसं चाललं होतं. मग काकूंनी माझ्याकडे बघितलं. "बायको माहेरी गेलीय का?"

"नाही. घरीच आहे."

"मग?"

त्या 'मग?'वर अख्खी रांग हसली.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. तोवर आमच्या घरी नाचणी म्हणजे आजोळहून येणारी, कुणी हात न लावणारी पिशवी. आता तिला भाव आलाय, मला नाही.

नाचणी ओली असेलही. पण हाच माणूस गेल्या आठवड्यात कुणाच्या तरी बाजरीवर माझे गहू टाकतो, कशावर टाकू म्हणून विचारतही नाही, आणि करड्या पोळ्या दाखवल्या तर "थोडं येतंच" म्हणतो! तेव्हा कुठे जाते ती दाढ?

घरी आलो. बायकोनं काही न विचारता एक दाणा तोंडात टाकला. डोळे मिटले.

आज तिसरी रात्र. नाचणी पंख्याखाली, आम्ही हॉलमध्ये. डास आहेत.