अक्रोड, पिशवी आणि माझा नवरा

लेकीने टोकियोहून उत्तर जपानमधल्या आओमोरीचं बुकिंग करून दिलं तेव्हा माझ्या डोक्यात फक्त सफरचंदं आणि गरम पाण्याचे झरे होते. नवऱ्याने मात्र सान्नाई-मारुयामा शोधून ठेवलेलं. पाच हजार वर्षांपूर्वीचं, जपानच्या प्राचीन जोमोन लोकांचं गाव. तिथे बेसबॉलचं स्टेडियम बांधायचं होतं, म्हणून 1992 मध्ये खणायला घेतलं आणि इतकं काय काय निघालं की स्टेडियमच रद्द.

बाहेर मोठा टॉवर आहे. सहा खांब, एकेक मीटरभर जाड, उंची जवळपास 15 मीटर. मूळचे खांब चेस्टनटचे, पण आता तेवढी जाड झाडं मिळेनात म्हणून लाकूड रशियातून आणलं म्हणे. वर छप्पर होतं की नव्हतं यावर तज्ज्ञांचं जमेना म्हणून तसंच उघडं ठेवलंय, त्यामुळे बिल्डर पळून गेलेल्या साइटसारखं दिसतं अगदी. मी हे बोलून दाखवलं तर नवरा म्हणाला हळू बोल, जणू तिथे कोणाला मराठी येत होतं.

खरे हाल आत, म्युझियममध्ये. हा माणूस पाटी सोडत नाही हो! मोबाइल धरायचा, भाषांतर यायचं, ते मला मोठ्याने वाचून दाखवायचं, मग पुढची पाटी. जोमोन म्हणजे दोरीचे ठसे, ओल्या मातीवर दोरी फिरवून नक्षी करायचे, हे मला पहिल्या मडक्यापाशीच कळलं होतं, तरी पुढच्या प्रत्येक मडक्यापाशी नव्याने कळवण्यात आलं. त्यात एक सहा मीटर उंच भिंत आहे, तिच्यात 5,120 खापरं बसवलीत. मी देवाचे आभार मानले की प्रत्येकाखाली पाटी नाही.

मातीच्या बाहुल्यांना डोगू म्हणतात, इथे 2,000 च्या वर सापडल्यात. चपट्या, क्रॉससारख्या. एकीचं मुंडकं एकीकडे आणि धड 90 मीटर लांब सापडलं, मग जोडलं. तोंड असं उघडं की "अजून किती राहिलंय?" हेच विचारतेय असं वाटलं, म्हणजे निदान एक तरी माझ्या बाजूची.

गुडघे पार बोलायला लागले आणि मी बाक शोधत होते तेवढ्यात ती दिसली. पिशवी. झाडाच्या सालीच्या पट्ट्यांनी विणलेली, वीतभर, आणि तिच्यात सापडलेलं अक्रोडाचं कवच. घरी ओट्याखाली पिशव्यांची पिशवी असते त्यावरून गेली 22 वर्षं मी टोमणे ऐकतेय, आणि इथे एकीची पिशवी काचेत, लाइट लावून! बाई घाईत असणार, कुठेतरी ठेवली आणि विसरली, वर अक्रोड पण गेला म्हणून घरी बोलणी खाल्ली असणार. मी तिथेच उभी राहिले. चारी बाजूंनी बघितली, विण मोजायचा प्रयत्न केला, मग नवऱ्याला हाक मारून म्हटलं, ही पाटी वाच, पूर्ण वाच.

"अगं पिशवीच आहे ती, चल, बस जाईल."

बस गेलीच. स्टॉपवर टाइमटेबल लावलं होतं. नवऱ्याने चष्मा वर केला, मोबाइल काढला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.