बीथोवन, हिटलर आणि 'ऑस्ट्रियन साहित्य असं काही नसतंच'

जर्मन शिकणाऱ्या मंडळींत एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. मलाच तो चार ठिकाणांहून आला. थोडक्यात त्याचं म्हणणं असं: ऑस्ट्रियन साहित्य ही वेगळी गोष्टच नाही. भाषा जर्मन, प्रकाशक जर्मन, बक्षिसं जर्मन, वाचकही बहुतांशी जर्मन. ज्यांची नावं मिरवली जातात ते काफ्का आणि रिल्के चेक, योझेफ रोट युक्रेनचा. 'ऑस्ट्रियन साहित्य आणि संस्कृती' हा अभ्यासविषय दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाने स्वतःचे हात धुऊन घ्यायला काढलेला उद्योग आहे. आणि तसंही 1918 साली ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य बुडाल्यावर तिथे उरलं काय? कॉफी, केक आणि उसासे. शेवटी तो जुना विनोद: ऑस्ट्रियन लोक हुशार, त्यांनी जगाला पटवलं की बीथोवन ऑस्ट्रियन होता आणि हिटलर जर्मन.

विनोद चांगला आहे. बीथोवन जर्मनीतल्या बॉनचा, हिटलर ऑस्ट्रियातल्या ब्राउनाउचा, तेव्हा तपशीलही बरोबर. पण मजकूर लिहिणाऱ्याला एक कळलेलं दिसत नाही. हाच टोमणा हजारो पानं भरून, शिव्याशाप देत मारणारे लोक म्हणजेच आधुनिक ऑस्ट्रियन लेखक. त्यांना 'जर्मन साहित्य' म्हणून एका मोठ्या पोत्यात कोंबलं की टोमणा कोणाला मारलाय तेच दिसेनासं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे, पण मुद्दे पाच आलेत तर पाचांनाही उत्तर देतो. क्रम मात्र माझा.

'काफ्का, रिल्के चेक. रोट युक्रेनचा.'

इथे आजचा नकाशा कालच्या माणसांवर पसरलाय. काफ्का 1883 साली प्रागमध्ये जन्मला तेव्हा प्राग ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं. 1908 पासून तो ज्या कचेरीत कामाला होता तिचं नावच 'बोहेमियाच्या राज्यासाठी कामगार अपघात विमा संस्था'. कारखान्यात कुणाची बोटं यंत्रात गेली, कोणत्या मालकाने धोक्याचा वर्ग चुकीचा दाखवला, याच्या फायली तो बघायचा. त्याच्या कादंबऱ्यांतले ते न संपणारे जिने आणि दाद न देणारे साहेब हवेतून आलेले नाहीत, एका विशिष्ट राज्याच्या कारभारातून आलेत. 1918 नंतर तो चेकोस्लोव्हाकियाचा नागरिक झाला हेही खरं. आणि 3 जून 1924 ला वारला तो व्हिएन्नाजवळच्या कीरलिंगच्या आरोग्यधामात. आता लावा याला एक झेंडा.

रोट ब्रॉडीचा. ब्रॉडी आज युक्रेनमध्ये आहे, पण 1894 मध्ये ते साम्राज्याच्या पूर्व टोकाचं गाव होतं, आणि त्याची सगळ्यात गाजलेली कादंबरी त्याच साम्राज्याच्या ऱ्हासाची आहे. लेखक एलियास कानेट्टी बल्गेरियात जन्मला, कवी पाऊल त्सेलान चेर्नोव्हित्समध्ये, तेही आज युक्रेनमध्ये. हे सगळे 'ऑस्ट्रियाचे सुपुत्र' आहेत असं कोणताही शहाणा अभ्यासक म्हणत नाही. तो विचारतो की एका राज्यव्यवस्थेच्या मोडण्यातून, दहा-बारा भाषांच्या शेजारातून आणि मग हद्दपारीतून कोणतं लिखाण निघालं. या प्रश्नाला 'जर्मन' हे उत्तर पुरत नाही आणि 'चेक'ही पुरत नाही.

याचा एक धागा आपल्या घरापर्यंत येतो. आकाशवाणीची सकाळची ती सूचक धून, जी ऐकून आपल्या आज्या चहाचं आधण ठेवायच्या, ती वॉल्टर काउफमान याची मानली जाते. जन्म 1907, कार्ल्सबाड, म्हणजे तेव्हाचा ऑस्ट्रियन बोहेमिया. 1934 साली तो मुंबईत आला. त्याची पहिली बायको काफ्काची सख्खी भाची. त्याचा प्रागचा मित्र, समीक्षक विली हास, पुढे मुंबईत येऊन सिनेमाच्या पटकथा लिहीत होता आणि युद्धानंतर काफ्काची त्याच्या प्रेयसीला, मिलेनाला लिहिलेली पत्रं संपादून छापणारा तोच. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये जन्मलेला चित्रकार वॉल्टर लांगहामर त्याच काळात 'टाइम्स ऑफ इंडिया'त कलासंचालक होता, आणि रझा, आरा, हुसेन यांच्या पाठीशी उभा राहणाऱ्यांत त्याचं नाव पहिल्या ओळीत येतं. ही माणसं कोणत्या देशाच्या खात्यात टाकायची? मजकूरकर्त्याचा हिशेब वापरला तर ती कुठल्याच खात्यात बसत नाहीत. ऑस्ट्रियन अभ्यासात ती बसतात, कारण तिथे हद्दपारी हा परिशिष्टाचा नव्हे, मुख्य विषय आहे.

'प्रकाशक जर्मन, बक्षिसं जर्मन.'

खरं आहे. टोमास बर्नहार्ड आणि पीटर हांडके हे ऑस्ट्रियन लेखक फ्रँकफुर्टच्या झुरकाम्प प्रकाशनाकडे, कवयित्री इंगेबोर्ग बाखमानची बरीचशी पुस्तकं म्युनिकच्या पिपरकडे. जर्मन बुक प्राइझ 2005 मध्ये सुरू झालं आणि पहिल्याच वर्षी ते आर्नो गायगर या ऑस्ट्रियन लेखकाला मिळालं. मोठी बाजारपेठ शेजारी असली की असंच होणार. भारतीय इंग्रजी कादंबरी लंडनमध्ये छापली म्हणून ती ब्रिटिश होत नाही. पुढे.

'हा अभ्यासविषय म्हणजे हात धुण्याचा उद्योग.'

हा खरा दमदार आरोप आहे, आणि निम्मा बरोबर आहे. ते निम्मं मीच सांगतो, कारण मजकुरात त्याचा पुरावाच दिलेला नाही.

1943 च्या मॉस्को जाहीरनाम्यात दोस्तराष्ट्रांनी म्हटलं की ऑस्ट्रिया हा हिटलरच्या आक्रमणाला बळी पडलेला पहिला स्वतंत्र देश. त्याच जाहीरनाम्यात पुढे असंही होतं की हिटलरच्या बाजूने युद्धात भाग घेतल्याची जबाबदारी ऑस्ट्रियाला टाळता येणार नाही. युद्धानंतर ऑस्ट्रियाने पहिलं वाक्य फ्रेम करून लावलं आणि दुसरं माळ्यावर टाकलं. 15 मे 1955 ला ऑस्ट्रियाला पुन्हा स्वातंत्र्य देणाऱ्या राज्य-करारावर सह्या झाल्या. त्याच्या आदल्या दिवशी परराष्ट्रमंत्री लेओपोल्ड फिग्ल यांनी प्रस्तावनेतला जबाबदारीचा उल्लेखच काढून घ्यायला लावला. शाळांत तर त्याहून गंमत. शिक्षणमंत्री फेलिक्स हुर्डेस यांच्या काळात 'जर्मन' या विषयाचं नाव प्रगतिपुस्तकातून गायब झालं, तिथे आलं 'शिक्षणाची भाषा'. लोकांनी लगेच या नव्या भाषेचं बारसं केलं: 'हुर्डेस्टानिश'.

आणि योझेफ नाडलर. व्हिएन्ना विद्यापीठातला प्राध्यापक, नाझी पक्षाचा सभासद. जर्मन जमाती आणि त्यांची भूमी यांवरून साहित्याची मांडणी करणारा त्याचा 'जर्मन राष्ट्राच्या साहित्याचा इतिहास' नाझी काळात नव्या आवृत्तीत, काळाला साजेसा होऊन निघाला. 1945 मध्ये खुर्ची गेली. 1948 मध्ये गृहस्थांनी नवा ग्रंथ काढला: 'ऑस्ट्रियाच्या साहित्याचा इतिहास'. पाटी बदलली, दुकान तेच. मजकूर लिहिणाऱ्याला नाडलर ठाऊक असता तर त्याचा मुद्दा पुष्कळ भारी झाला असता.

पण नाडलरपाशी थांबणं म्हणजे गावच्या वेशीवरून परत फिरणं. आज ज्याला ऑस्ट्रियन साहित्याचा अभ्यास म्हणतात त्याच्या पायाशी नाडलर नाही, क्लाउडिओ माग्रिस आहे. हा त्रिएस्तचा इटालियन. 1963 साली, विशी-पंचविशीत, त्याने हाब्सबुर्ग, म्हणजे ऑस्ट्रियाच्या जुन्या राजघराण्याच्या, मिथकावरचं पुस्तक लिहिलं. त्याचा मुद्दा असा की ऑस्ट्रियन लेखकांनी एका सुस्त, अन्यायी राज्याला आठवणीत सजवून सोन्याचं केलं. म्हणजे या शाखेचं पायाभूत पुस्तकच मुळी ऑस्ट्रियाच्या आत्मप्रेमावर चालवलेला सोटा आहे. दुसरा पाया अमेरिकेत घातला गेला. व्हिएन्नाचा लेखक आर्थर श्निट्झलर याच्या अभ्यासासाठी 1961 मध्ये निघालेल्या नियतकालिकाचं 1968 मध्ये 'मॉडर्न ऑस्ट्रियन लिटरेचर' झालं. तिकडच्या विद्यापीठांत तेव्हा कोण शिकवत होतं? एगोन श्वार्त्ससारखे, व्हिएन्नातून जीव घेऊन पळालेले ज्यू. त्यांच्यानंतर रूट क्ल्यूगर आली, ऑशविट्झमधून वाचलेली व्हिएन्नाची मुलगी. या लोकांनी ऑस्ट्रियाचे हात धुऊन दिले म्हणायचं?

आणि लेखक. 1946 मध्ये, ढिगारे अजून उपसले जात असताना, पंचविशीतल्या इल्झे आयशिंगरने 'प्लान' या मासिकात अविश्वासाचं आवाहन केलं. अविश्वास इतरांवर नाही, स्वतःवर: आपल्या सच्चेपणावर, आपल्याच चांगुलपणावर. तिची आजी आणि आईची भावंडं छावणीत मारली गेली होती, त्यामुळे हे बोलण्याचा तिच्याइतका अधिकार फार थोड्यांना होता.

मग 1988. दोन वर्षांपूर्वी कुर्ट वाल्डहाइम राष्ट्राध्यक्ष झाले होते, बाल्कनमधल्या आपल्या लष्करी सेवेबद्दल आत्मचरित्रात मौन पाळून. बुर्गथिएटर या व्हिएन्नाच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या रिंगश्ट्रासवरच्या इमारतीला शंभर वर्षं होत होती. हिटलर देशात आला त्याला पन्नास. दिग्दर्शक क्लाउस पायमानने टोमास बर्नहार्डकडून नाटक घेतलं: 'हेल्डनप्लाट्झ', म्हणजे वीरांचा चौक. 15 मार्च 1938 ला याच चौकात हिटलरसमोर प्रचंड गर्दी जमली होती, आणि हा चौक थिएटरपासून चालत पाच-सात मिनिटांवर.

नाटक उघडतं तेव्हा मोलकरीणबाई इस्त्री करतेय. ज्यू प्राध्यापक शुस्टर यांनी नुकतीच त्याच चौकाकडच्या खिडकीतून उडी मारून जीव दिलाय, आणि त्सिट्टेलबाई त्यांचे शर्ट त्यांनी शिकवलेल्या घडीप्रमाणे घडी घालत बसलीये. पुन्हा पुन्हा. घडी चुकली की प्राध्यापक किती चिडायचे ते सांगत. प्रेत खाली पडून गेलं, पण घडी बिघडता कामा नये. कुणाला काही पटवून न देता हे दृश्य एका घराबद्दल, आणि घराच्या आडून एका शहराबद्दल, सगळं सांगून जातं. ऑस्ट्रियात साडेसहा दशलक्ष वेडसर आणि पिसाळलेले लोक राहतात, असल्या ओळी प्रयोगाआधीच वर्तमानपत्रांत फुटल्या. वाल्डहाइम यांनी हा देशवासीयांचा घोर अपमान असल्याचं जाहीर केलं. थिएटरसमोर शेणखत आणून ओतलं गेलं. 4 नोव्हेंबरला पडदा उघडला. शेवटच्या प्रवेशात प्राध्यापकांच्या बायकोला 1938 ची गर्दी ऐकू येते, फक्त तिला. मग आरोळ्या प्रेक्षकांनाही ऐकू येतात, वाढत जातात, आणि ती जेवणाच्या टेबलावर तोंडघशी कोसळते.

हे नाटक 'जर्मन साहित्य' म्हणून वाचून बघा. जर्मनीत तोवर न्युरेंबर्ग झालं होतं, ऑशविट्झ खटले झाले होते, जर्मन चान्सलर विली ब्रांट वॉर्सात गुडघे टेकून आला होता. तिथे त्या आरोळ्यांचा अर्थ वेगळा लागतो. व्हिएन्नात त्या आरोळ्या 'आम्ही तर बळी' या वाक्यावर पडत होत्या. ऑस्ट्रियाचे चान्सलर फ्रांझ व्ह्रानित्स्की यांनी संसदेत सहभागाची जबाबदारी उघड मान्य केली ती 1991 मध्ये. नाटकाने हे घडवलं असं मी म्हणणार नाही, पण वातावरण तापवण्यात साहित्याचा वाटा नव्हता असं म्हणणंही खोटं ठरेल.

बर्नहार्ड फेब्रुवारी 1989 मध्ये गेला. मृत्युपत्रात त्याने घालून ठेवलं होतं की ऑस्ट्रियन राज्य स्वतःला काहीही म्हणवून घेवो, त्याच्या हद्दीत आपलं लिखाण प्रताधिकार संपेपर्यंत छापायचं नाही, रंगमंचावर आणायचं नाही, वाचूनसुद्धा दाखवायचं नाही. जर्मनीला बंदी नव्हती. वारसांनी पुढे ही अट सैल केली, पण ऑस्ट्रियन आणि जर्मन यांच्यातली जी रेघ मजकूरकर्त्याला सापडत नाही, ती बर्नहार्डने मरता मरता वकिली भाषेत आखून ठेवलीये.

'1918 नंतर उरलं काय?'

वर जे सांगितलं त्यातलं बहुतेक 1918 नंतरचंच आहे. रोबेर्ट मुझिल या ऑस्ट्रियन लेखकाची महाकादंबरी 1930 पासून पुढची. नोबेल म्हणाल तर एल्फ्रीडे येलिनेकला 2004 मध्ये, पीटर हांडकेला 2019 मध्ये. हांडकेच्या सर्बियाप्रेमाबद्दल भांडायचं तर जरूर भांडा, मीही तुमच्या बाजूने भांडेन. पण 'उरलं काय' म्हणू नका.

'भाषा जर्मन, म्हणून साहित्य जर्मन.'

हा मुद्दा मुद्दाम शेवटी ठेवला, कारण सगळ्यांना तोच बिनतोड वाटतो. याला नेहमीचं उत्तर स्वयंपाकघरातून दिलं जातं. 1995 मध्ये युरोपीय संघात जाताना ऑस्ट्रियाने आपले 23 शब्द करारात नोंदवून घेतले: टोमॅटोला पाराडाइझर, जर्दाळूला मारिल्ले, वांग्याला मेलान्झानी. व्हिएन्नात तेव्हा 'बटाट्याचं सॅलड बटाट्याचं सॅलडच राहील' अशा जाहिराती लागल्या होत्या, एर्डॅप्फेल हा आपला शब्द वापरून. बटाटा मात्र त्या 23 मध्ये नाहीच. मला हा किस्सा आवडतो, पण युक्तिवाद म्हणून तो लंगडा आहे. शब्द वेगळे म्हणून साहित्य वेगळं होत नाही, नाहीतर वऱ्हाडी कादंबरीला वेगळं राज्य द्यावं लागेल. ढाका आणि कोलकाता एकच भाषा लिहितात आणि त्यांची साहित्यं वेगळी आहेत, हे आपल्याला समजायला अवघड जाऊ नये.

खरी गोम वेगळीच आहे. ऑस्ट्रियन साहित्याची भाषा फक्त जर्मन आहे हेच मुळात चूक. दक्षिणेला कॅरिंथियात स्लोव्हेन बोलणारे लोक पिढ्यान्पिढ्या राहतात. 1955 च्या करारातल्या सातव्या कलमाने त्यांना हक्क दिले. 1972 मध्ये गावांच्या नावांच्या दुभाषी पाट्या लागल्या तर जमावाने त्या उखडून टाकल्या. पाट्यांचं राजकारण मराठी माणसाला समजावून सांगायला नको. 164 पाट्यांवर तडजोड व्हायला 2011 उजाडलं.

त्याच कॅरिंथियात 1937 साली फ्लोरियान लिपुश जन्मला. वडील हिटलरच्या फौजेत लढत होते, तेव्हा आईला पकडून राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत नेलं. ती परत आली नाही. तो आयुष्यभर फक्त स्लोव्हेनमध्ये लिहीत आला. त्याची पहिली कादंबरी 1981 मध्ये जर्मनमध्ये आली ती हांडके आणि हेल्गा म्राच्निकार यांनी मिळून केलेल्या अनुवादात. हांडकेची स्वतःची आई स्लोव्हेन घरातली. 2018 मध्ये लिपुशला ग्रेट ऑस्ट्रियन स्टेट प्राइझ मिळालं. तेव्हा जर्मन साहित्याच्या कपाटात त्याचं पुस्तक कुठल्या खणात ठेवायचं, ते मजकूरकर्त्याने सांगावं.